आराखड्याबरोबर मोजमापांचे सूत्रही द्यावे

बेंगळुरू परिसरात नाचणीच्या दोन ओळींत साधारणतः ३० सेंमी अंतर राखतात. महाराष्ट्रात सोयाबीनसाठी ते बहुधा ४५ सेंमी असते. त्यामुळे एका शिवारासाठी आखलेले कोळपे दुसरीकडे जसेच्या तसे चालत नाही आणि छापील आराखडा हाती असूनही कारागिराला सारी मापे नव्याने काढावी लागतात.

पॅरामेट्रिक संगणकीय आरेखनात पासेची लांबी ही एक नाव दिलेली राशी असते. ती बदलताच तिच्यावर अवलंबून असलेले भागही बदलतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या ‘फ्रीकॅड १.०’ या मोफत, मुक्तस्रोत प्रणालीत अशा राशी एकत्र ठेवण्याची नवी सोय आहे. मूळ आकृती बदलताच पुढची रचना कोलमडण्याचा जुना दोषही बराच कमी झाला आहे.

मात्र बळकटीचा हिशेब आपोआप होत नाही. दोन टोकांना आधार असलेल्या पट्टीची लांबी दीडपट केली, तर तेवढ्याच भाराखाली तिचा बाक सुमारे ३.४ पट होतो. म्हणून अवजारे विकसित करणाऱ्या सार्वजनिक संशोधन संस्थांनी आरेखनाची मूळ फाइल आणि मापांच्या सुरक्षित मर्यादा, दोन्ही खुल्या कराव्यात. एरवी चुकीच्या मापाची किंमत शेतकरीच मोजतो.