फिरकीचा तांब्या

सुट्ट्यांचे वेध लागले की बंगळुरातील मराठी घरांत दरवर्षी एकच वाद रंगतो : गावी जावयाचे ते आगगाडीने की बसने? विमान पुण्यास दीड-दोन तासांत पोचविते हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु दोन वडीलधारी माणसे, दोन मुले, नेण्याच्या भेटी आणि येताना आणावयाच्या लोणच्याच्या बरण्या ह्यांचा हिशेब मांडला की पुष्कळ कुटुंबे पुन्हा रुळांकडे किंवा रस्त्याकडेच वळतात. आमचे कुटुंब त्यांतलेच.

महामार्गाने बंगळूर ते पुणे हे अंतर सुमारे ८४० किलोमीटर. रात्रीची बस त्यास चौदा-सोळा तास घेते. मुंबईस जाणारी उद्यान एक्सप्रेस रात्री निघते व दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचते, म्हणजे जवळजवळ एक पूर्ण अहोरात्र झाले. दिल्लीची कर्नाटक एक्सप्रेस सोलापूर, दौंड, मनमाड असा आपलाच मुलूख ओलांडून दोन रात्री धावते. दिब्रुगडहून कन्याकुमारीस जाणारी, २०११ साली सुरू झालेली विवेक एक्सप्रेस तर चार हजारांहून अधिक किलोमीटर चालते आणि तिच्यातील प्रवासी तीन अहोरात्री गाडीतच संसार मांडतात. १६४० च्या सुमारास बाल शिवाजीराजे जिजाबाईंसह पुण्याहून शहाजीराजांकडे ह्याच बंगळुरास आले होते. त्यांच्या वाटचालीपुढे आपले चोवीस तास ते काय, असे कोणी म्हणेल. पण त्यांना वाटेत हवे तेथे मुक्काम करता येत होता, ही गोष्ट वाचकांनी लक्षात घ्यावी. माझे आजचे सांगणे त्या मुक्कामाविषयीच आहे.

दोन वर्षांपूर्वी माझी आई पुण्याहून एकटीच रात्रीच्या बसने आमच्याकडे आली. बस खासगी, वातानुकूलित आणि झोपून येण्याची होती. तिकीट पाहता तक्रारीस जागा नव्हती. सकाळी मी तिला उतरवून घेण्यास गेले तेव्हा तिचे ओठ सुकले होते, आणि पायरी उतरताना तिला घेरी आली. भावाने भरून दिलेली पाण्याची बाटली तशीच भरलेली होती.

“अगं, दुपारपासून घोटभरसुद्धा घेतलं नाही मी,” ती म्हणाली. मोठ्या शहाणपणाची गोष्ट सांगावी असा तिचा स्वर होता. “बसमध्ये कुठे सोय असते? तरी रात्री एकदा विचारलं, तर पुढच्या हॉटेलला थांबू म्हणाले. ते हॉटेल दोन तासांनी आलं.”

तिसऱ्या दिवशी तिला थंडी वाजून ताप भरला. मूत्रमार्गास संसर्ग झाल्याचे डॉक्टरांनी सांगितले. ज्या नातवाच्या मुंजीसाठी ती एवढ्या दूर आली होती, ती मुंज तिने आतल्या खोलीत अंथरुणावर पडून ऐकली.

हे घरातले दुखणे येथे मांडण्याचे कारण एवढेच की, ते एकट्या आमच्या घरातले नाही. ‘प्रवासात पाणी कमी प्यावे’ हा उपदेश आपल्याकडे आई लेकीस आणि सासू सुनेस देत आली आहे. मीही तो वर्षानुवर्षे निमूटपणे पाळला. तो उपदेश चुकीचा आहे. शरीरास पाणी मिळाले नाही आणि लघवी तासन्‌तास कोंडून धरली, तर मूत्रमार्गातील जंतू धुऊन निघत नाहीत, व तेथे त्यांची वाढ होते. वृद्ध माणसाचा रक्तदाब उतरून त्यास चक्कर येते. रक्तदाबाच्या कित्येक रुग्णांस लघवी वाढविणारी गोळी असते. तीही प्रवासाच्या दिवशी आपल्या मनाने वगळली जाते. ती केव्हा घ्यावी हे निघण्यापूर्वी डॉक्टरांसच विचारावे.

दुसरे भय पायांचे. १९४० साली लंडनवर बाँबवर्षाव होत असताना लोक आश्रयस्थानांत आरामखुर्च्यांवर रात्रभर बसून राहत. त्यांतील काहींचा अकस्मात मृत्यू होऊ लागला. केथ सिम्पसन ह्या वैद्यकतज्ज्ञाने दाखवून दिले की, एकाच स्थितीत बसून पायांच्या शिरांत रक्त गोठते व ती गुठळी फुप्फुसात जाऊन अडकते. पुढे २००७ साली जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, चार तासांहून अधिक वेळ खिळून बसून प्रवास केल्यास हा धोका सुमारे दुप्पट होतो असे आढळले, मग ते विमान असो, आगगाडी असो की बस. मुळात धोका अल्प असल्याने निरोगी माणसाने घाबरून जाऊ नये. मात्र ज्यांचे नुकतेच बाळंतपण किंवा शस्त्रक्रिया झाली आहे, अथवा ज्यांना पूर्वी अशी गुठळी झाली आहे, त्यांनी वैद्यकीय सल्ल्यावाचून निघू नये. इतरांनी दर तासाला घोटे फिरवावेत, टाचा उचलाव्यात आणि आगगाडीत असल्यास डब्याच्या टोकापर्यंत एक फेरी मारावी. पाण्यासाठी व ‘त्या’ कामासाठी उठणारा माणूस ही फेरी आपोआपच मारतो!

ह्या कामी आगगाडी बसपेक्षा पुष्कळ दयाळू आहे. पण तीही पूर्वीपासून तशी नव्हती. १९०९ साली बंगालमधील ओखिलचंद्र सेन नावाच्या प्रवाशाने साहिबगंजच्या रेल्वे अधिकाऱ्यांस एक कळकळीचे पत्र लिहिले. फणस खाऊन पोट बिघडल्याने तो स्थानकावर शौचास उतरला, आणि गाडी त्याला तेथेच टाकून निघून गेली, अशी त्याची तक्रार होती. ते पत्र दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे, आणि खालच्या वर्गांत शौचकूप येण्यास तेच निमित्त झाले असे मानले जाते. त्याच्या इंग्रजीस आजवर अनेक जण हसले आहेत. मला मात्र भाषांतराच्या धंद्यात इतकी वर्षे काढून त्या पत्राचा हेवाच वाटतो, कारण त्यातील एकही वाक्य अर्थ पोचविण्यात उणे पडत नाही. पुढे १९१७ साली महात्मा गांधींनी मुंबईहून मद्रासला तिसऱ्या वर्गाने प्रवास केला. त्या अनुभवावरील लेखात त्यांनी नोंदविले आहे की, बावीस माणसांच्या डब्यात बहुतेक वेळ पस्तीसांहून अधिक माणसे होती, शौचकूप वाटेत एकदाही स्वच्छ केला गेला नाही आणि टाकीत पाणी नव्हते. रायचूरनंतर तर गर्दी असह्य झाली. उद्यान एक्सप्रेसने जाणाऱ्या वाचकांचा मार्ग ह्याच रायचूरवरून जातो. तेथे पहाटे जाग आली तर त्या प्रवासाची आठवण करावी. आणि ज्या मऊ बर्थवर आपण निजलो आहोत, त्याबद्दल आपल्या कोकणचे खासदार मधु दंडवते ह्यांचेही स्मरण ठेवावे. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर दोन इंच गादी आली ती ते १९७७ ते १९७९ ह्या काळात रेल्वेमंत्री असताना.

आता बसविषयी. जेथे आगगाडीचे तिकीट मिळत नाही तेथे बसवाचून गत्यंतर नसते, हे मी जाणते. तिकीट काढतानाच बस कोठे कोठे व किती वाजता थांबणार हे विचारून घ्यावे. जेवणाचा थांबा आणि पहाटेचा चहा ह्यांमध्ये सहा-सात तासांचे अंतर असेल तर दुसरी बस पाहावी. मधल्या भागातील खालचा बर्थ घ्यावा, तेथे हादरे कमी बसतात. पाणी एकदम न पिता घोटाघोटाने प्यावे. चहा-कॉफी मात्र बेताने. आणि गरज लागली की चालकास स्पष्ट सांगावे. महामार्गावरील पेट्रोल पंपांवर प्रसाधनगृह व पिण्याचे पाणी ठेवणे अपेक्षित असते, आणि असे पंप वाटेत जागोजागी लागतात. माझा अनुभव असा की, एक बाई उतरली की तिच्यामागून आणखी चार उतरतात. त्या सगळ्या कोणीतरी बोलण्याचीच वाट पाहत असतात. येथे पुरुष वाचकांस एक विनंती करते. बसमध्ये आपली आई, पत्नी किंवा बहीण असो वा नसो, आपण उठून “गाडी जरा थांबवा” म्हटलेत तर कोणी आपल्याकडे वळून पाहणार नाही. तेच वाक्य उच्चारण्यासाठी माझ्या आईला दोन तास धीर गोळा करावा लागला होता.

शिदोरीविषयी विस्तार करीत नाही, सुगृहिणींस ती सांगणे उद्धटपणाचे होईल. एवढेच म्हणते की, दुधात भिजविलेल्या दशम्या, कोरडी शेंगदाण्याची चटणी आणि पहिल्या रात्रीपुरता दहीभात ह्यांच्या तोडीचे प्रवासात काही नाही. चिवडा मात्र तहान वाढवितो.

देहाची एवढी व्यवस्था लागली की मन खिडकीकडे जाण्यास मोकळे होते. गेल्या वर्षी मी हट्टाने आईला उद्यान एक्सप्रेसने पुण्यास घेऊन गेले. बंगळुराहून निघालेली ही गाडी कन्नड मुलखातून तेलुगू मुलखात शिरते, पुन्हा कन्नडात येते आणि मग मराठीत. स्थानकांच्या पाट्या त्या बरहुकूम बदलत जातात. माझ्या मुलाने कन्नड व तेलुगू अक्षरे बहिणीबहिणींसारखी दिसतात हा शोध ह्याच पाट्यांवरून लावला, आणि दोहोंतील फरक मुख्यतः डोईवरच्या रेघेचा आहे हे ताडल्यावर त्याला झोपेचेही भान राहिले नाही. रायचूरच्या पुढे कृष्णेचा पूल लागतो. थोडे वरच भीमा तिला मिळालेली असते. वाडीनंतर शहाबाद आले तेव्हा आई उठून दाराशी गेली. आमच्या जुन्या घराच्या ओटीवरची फरशी शहाबादी होती. ते गाव खरोखर आहे, हे तिला आज प्रथमच दिसत होते. दुपारकडे, जिंतीरोड आणि भिगवण ह्यांच्या दरम्यान, उजनीचे विस्तीर्ण पाणी आले. पहाटे कृष्णेत विलीन झालेली भीमाच ती. हिवाळा होता, दूर उथळात रोहित पक्ष्यांची फिकट गुलाबी रांग दिसत होती.

आईने ह्या खेपेस माळ्यावरून आजीचा फिरकीचा तांब्या काढून घासून आणला होता. बाटलीतले पाणी किती उरले ते सगळ्यांना दिसते, तांब्यातले दिसत नाही, असे तिचे म्हणणे. सोलापुरास तो दुसऱ्यांदा भरून घेतला. तेथे चढलेली, कडेवर मूल असलेली एक तरुण मुलगी समोर बसली. आईने फुलपात्र पुढे केले तेव्हा ती “नको, काकू, मुंबईपर्यंत जायचंय,” म्हणाली.

“म्हणूनच घे,” आई म्हणाली, आणि डब्याच्या टोकाकडे बोट दाखविले.