दुखणं तिचं, पथ्यही तिलाच?



"गोळ्या कमी करा, जीवनशैली बदला." गेल्या हंगामात ऊसतोडणी कामगारांसाठी आम्हीच भरवलेल्या शिबिरात हा सल्ला ऐकत मी उभी होते. समोरची बाई तीन वर्षं कंबर दुखत असताना ऊस तोडत होती. डॉक्टरीणबाई सांगत होत्या, "वाकू नका, वजन उचलू नका, पुरेशी झोप घ्या." ती हसून म्हणाली, "मग मुकादमाला तुमीच सांगा की, बाई."

सल्ला चुकीचा नव्हता. जुनाट कंबरदुखीवर व्यायाम हवा, हे जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ साली सांगितलं आहे. वेदनाशामक गोळ्या वर्षानुवर्षं खाल्ल्या तर जठरात व्रण होऊ शकतात, मूत्रपिंडं बिघडू शकतात, हेही खरं. पण जीवनशैली बदलायला आधी जीवन आपल्या हातात हवं. पहाटे भाकऱ्या, दिवसभर वाकून तोडणी, डोक्यावर मोळी घेऊन गाडी भरणं, रात्री पुन्हा चूल. ही काय तिने निवडलेली शैली आहे? नवरा-बायको मिळून एक 'कोयता', अंगावर उचल, आणि खाडा झाला की दंड! विश्रांतीलाच जिथे दंड आहे, तिथे बाई दुकानातून सुटी गोळी घेते आणि फडात उतरते. त्या गोळीचा फायदा तिच्याआधी मुकादमाला आणि कारखान्याला होतो.

ओटीपोट, कंबर दुखतच राहिली की पुढचा उपाय 'पिशवी काढा'. २०१९ साली सरकारी समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. सोबत बीजकोशही काढले तर हाडं लवकर ठिसूळ होतात. म्हणजे दुखण्यावर उपाय म्हणून नवं दुखणं!

आणि हे फक्त फडातलं नाही. २०२४ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीनुसार घरातलं बिनमोल काम करणाऱ्या बायका त्याला दिवसाला २८९ मिनिटं देतात, ते करणारे पुरुष ८८. व्यायामाला अर्धा तास काढ, असं बाईला सांगताना तो कुणाच्या वाट्यातून काढायचा, हे कुणी सांगत नाही.

म्हणून 'गोळी की व्यायाम' हा वाद आपण मान्य करू नये. दोन्हीवर बाईचा हक्क आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात नीट तपासून मोफत औषध हवं, व्यायाम शिकवणारं माणूस हवं. पण त्याबरोबरच खाड्याचा दंड बंद हवा, आजारपणाची भरपगारी रजा हवी, मोळीच्या वजनाला मर्यादा हवी आणि चुलीपुढे नवराही हवा.

आपल्या शिबिरांच्या तक्त्यात 'कुठे दुखतं?' एवढाच रकाना असतो. पुढच्या हंगामात आणखी तीन वाढवू या: काम किती तास? वजन किती? खाड्याचे किती कापले? आणि ते तक्ते कपाटात न ठेवता बायकांसोबत कारखान्याच्या दारात घेऊन जाऊ या.