ताप कुणाला, ते सांगा

३० मे २०२४ रोजी नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश तापमान दाखवलं. आकडा वाऱ्यासारखा देशभर पळाला. ज्याच्या त्याच्या मोबाइलवर नागपूर. मग हवामान खात्याने खुलासा केला की केंद्राचा सेन्सर बिघडला होता. एसीत बसलेल्यांनी सुस्कारा सोडला आणि बातमी संपली. खरा पारा तेव्हा ४४ च्या आसपास होता. त्या खऱ्या ४४ मध्ये डोक्यावर विटा वाहणारी बाई, गटारात उतरलेला सफाई कामगार, सिमेंटच्या गोण्या उतरवणारा पोरगा, यांच्यावर कुणी ओळभर लिहिलं नाही. बिघडलेल्या यंत्राची बातमी होते. भाजलेल्या माणसाची होत नाही.

दोस्तहो, हवामानबदलावर संपादकीय लिहायचं म्हटल्यावर आपल्यातल्याच काही पोरांनी नाक मुरडलं. 'हे पोटभरल्यांचं खूळ आहे. आपला प्रश्न जातीचा, जमिनीचा, नोकरीचा.' मी म्हणतो, तोच प्रश्न आहे हा. सूर्य एकच आहे, पण सावली जात बघून वाटलेली आहे. कुणाच्या घरावर स्लॅब आणि कुणाच्या घरावर टिना, कुणाच्या गल्लीत नळ आणि कुणाच्या वाट्याला टँकर, कुणाचं काम पंख्याखाली आणि कुणाचं तापल्या डांबरावर, हे आभाळाने ठरवलेलं नाही. ते खाली बसलेल्यांनी ठरवलंय.

मौद्यात राहून मला तर हा विषय लांबचा वाटूच शकत नाही. गाव कन्हान नदीच्या काठावर. शेजारी एनटीपीसीचं औष्णिक वीज केंद्र. ५०० मेगावॅटचे दोन संच, ६६० चे दोन, एकूण २३२० मेगावॅट. कोळशावर एक युनिट वीज काढली की साधारण किलोभर कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. देशी कोळशात राखही भारी, शंभर किलो जाळला की तीस-चाळीस किलो राख मागे उरते. धूर साऱ्या जगाच्या हवेत मिसळतो, राख मात्र जवळपासच्या गावांच्या वाट्याला येते. जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला तेव्हा राखेचा चिखल शेतांत आणि नदीत उतरला. त्याआधी ऑगस्ट २०२० च्या अखेरीस पेंच-कन्हानला पूर आला, वरच्या धरणांतून पाणी सुटलं, आणि मौदा, कामठी, पारशिवनी तालुक्यांतल्या गावांत पाणी शिरलं. एखाद्या पुराचा सगळा हिशेब हवामानबदलाच्या खात्यावर टाकता येत नाही. पण हवा एक अंशाने तापली की सुमारे सात टक्के जास्त वाफ धरते, आणि मग पाऊस पडतो तेव्हा कोसळतो, हे विज्ञान आता वादातलं राहिलेलं नाही.

हे सगळं वस्तीत सांगायचं कसं? खरी गोची इथे आहे.

मागच्या उन्हाळ्यात एका संस्थेची माणसं समाजमंदिरात येऊन गेली. पडद्यावर आलेख, त्यात वर चढणारी लाल रेघ. मग वितळणारा बर्फ आणि त्यावर पांढरं अस्वल. २०२४ हे पहिलं वर्ष, ज्यात पृथ्वीचं सरासरी तापमान कारखानदारीपूर्वीच्या काळापेक्षा दीड अंशाच्या वर गेलं, हेही सांगितलं. खोटं काहीच नव्हतं. पण 'दीड अंश' म्हटल्याबरोबर बाया एकमेकींकडे पाहून हसल्या. आपल्याकडे सकाळच्या आणि दुपारच्या पाऱ्यातच पंधरा अंशांचा फरक, तिथे दीडाचं कुणाला भय? शेवटी मिरचीच्या सातऱ्यावर देठं खुडायला जाणारी एक मावशी उठली आणि म्हणाली, "अस्वल पाह्यलं जी. पण आमच्या टिनाखाली लेकरू रातभर झोपून नाही राह्यलं, त्याचं काही आहे का यात?"

नव्हतं. त्या मावशीने एका वाक्यात अख्खा विषय मांडला होता. दिवसभर तापलेली टिना रात्री ताप सोडते. अंग निवत नाही. लेकरू झोपत नाही म्हणून आई झोपत नाही. सकाळी चक्कर येते, रोजी बुडते. दोन रोज्या बुडाल्या की उधारी. हा झाला हवामानबदल. हे कळायला लाल रेघ लागत नाही.

जगभरचे विद्वान आता म्हणू लागलेत की नुसत्या आकड्यांनी माणूस हलत नाही, त्याला गोष्ट पाहिजे, भावना पाहिजे, कल्पना पाहिजे. बरं झालं, कळलं. अमिताव घोष यांनी २०१६ मध्ये पुस्तक लिहून सांगितलं की आजच्या गंभीर कादंबरीला हवामानबदल पेललेला नाही. नसेल पेलला. पण ही गंभीर कादंबरी कुणाची? ज्यांच्या घरात पाणी नळाने आलं त्यांची. आमच्याकडे जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये सरकारी जंगलखात्याने गुरंचराईची रानं कशी गिळली ते मांडून ठेवलंय. दया पवारांनी धरण बांधणाऱ्या मजूर बाईच्या तोंडी कविता दिली. सत्यशोधकांनी तमाशाचा साचा घेऊन आतला माल बदलला आणि जलसा उभा केला. पुढे भीमराव कर्डकांच्या मंडळींनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. हसवता हसवता 'मेलेली ढोरं ओढू नका, पोरं शाळेत घाला' हे सांगितलं. वामनदादांचं गाणं ऐकून माणूस रडला, आणि डोळे पुसून मोर्चात सामील झाला. गोष्टीने माणूस उठतो हे आम्हाला कुणी नव्याने शिकवायला नको.

ही ताकद सगळ्यांत जास्त बाबासाहेबांनी ओळखली होती. सिद्धार्थाने घर का सोडलं? जुनी गोष्ट सांगते की त्याने म्हातारा पाहिला, आजारी पाहिला, प्रेत पाहिलं. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी ही गोष्ट नाकारली. एकोणतीस वर्षांच्या माणसाला तोवर म्हातारा दिसलाच नाही, हे बुद्धीला पटत नाही. त्यांनी दुसरी गोष्ट पुढे ठेवली. एकीकडे शाक्य, एकीकडे कोलिय, मधून रोहिणी नदी. दोघांची शेतं तिच्याच पाण्यावर. पाणी आधी कुणी घ्यायचं यावरून हाणामारी, आणि शाक्यांच्या संघात युद्धाचा ठराव. सिद्धार्थ ठरावाविरुद्ध उभा राहिला, बहुमताने हरला आणि त्याने परिव्रज्या पत्करली.

काय केलं बाबासाहेबांनी? दुःखाचं कारण नशिबातून उपसून काढलं आणि नदीच्या पाण्यात, माणसांनी केलेल्या वाटणीत आणून ठेवलं. जे माणसांनी वाटलं ते माणसांना पुन्हा वाटता येतं. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याची ओंजळ याच विचाराने भरली होती. आज उन्हाची, पुराची, राखेची गोष्ट सांगायची तर ती याच वळणाने सांगितली पाहिजे. 'निसर्ग कोपला' म्हणणारी गोष्ट भटाची. 'मानवाने पृथ्वी बिघडवली' म्हणणारी गोष्ट भांडवलदाराची, कारण त्या 'मानवात' विमानाने फिरणारा शेठ आणि अनवाणी रोवणीला जाणारी बाई एकाच मापाने मोजली जाते. हा कुठला न्याय?

म्हणून आपल्या गोष्टीत चार गोष्टी पाहिजेत. तिला देह पाहिजे, म्हणजे कुणाला चक्कर आली, कुणाची रोजी गेली, ते दिसलं पाहिजे. तिच्यात कारण पाहिजे, पैसा कुणाच्या घरी गेला आणि राख कुणाच्या, हे नावानिशी कळलं पाहिजे. तिच्या शेवटी मागणी पाहिजे. नुसतं घाबरवून सोडलेला माणूस दार लावून घेतो, आणि नुसता रडवलेला माणूस झोपी जातो. आणि चौथं, ती खरी पाहिजे. ५६ चा आकडा काय झाला ते पाहिलं ना? एक खोटी गोष्ट पकडली गेली की दहा खऱ्या गोष्टींवरचा विश्वास उडतो. आपल्या जलशात हसू असो, संताप असो, शिवी असो, थाप नको.

आणि अवघड जागा टाळू नका. कोळशावर आपल्याही चुली पेटतात. ठेकेदाराच्या हजेरीपटावर आपलीच पोरं आहेत. २०२१ मध्ये ग्लासगोला भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचा शब्द दिला आहे. म्हणजे आज ना उद्या कोळसा कमी होणार. त्या दिवशी पहिली नोकरी कुणाची जाईल? पंख्याखालच्या कायम साहेबाची की ठेक्यावरच्या आपल्या पोराची? हे मला आत्ताच दिसतंय. कल्पनाशक्ती म्हणतात ती कवितेपुरती ठेवायची चीज नाही. वीस वर्षांनंतरचं मौदा आज डोळ्यांपुढे आणायचं. सौर पॅनल कुणाच्या जमिनीवर लागणार, कुणाच्या छतावर, पगार कुणाला, मालकी कुणाची, हे आपण आज रंगवलं नाही तर दुसरा कुणी रंगवेल आणि त्या चित्रात आपण पुन्हा खड्डे खणणारेच असू.

आता काम. प्रत्येक वस्तीतल्या पोरापोरींनी आपापल्या मोहल्ल्यातल्या दहा माणसांची उन्हाची कैफियत लिहून घ्यावी. रोवणीच्या बाया, वीटभट्टीचे मजूर, सफाई कामगार, पुरात घर गेलेले, सगळे. त्यांच्या शब्दांत, त्यांच्या बोलीत. नाव छापायचं की नाही ते त्यांना विचारून. त्यातून एक जलसा बांधायचा. दंडार, खडी गंमत यांत रंगलेले म्हातारे अजून आहेत, त्यांना बोलवा. ते चाल देतील, तुम्ही शब्द द्या. प्रयोग संपला की तिथेच मागण्या वाचायच्या. उन्हाळ्यात दुपारी १२ ते ४ उघड्यावरचं काम बंद आणि रोजी पूर्ण. प्रत्येक कामावर सावली आणि पिण्याचं पाणी. टिनाच्या घरांना आधी छत. उन्हाने माणूस मेला तर मृत्यूच्या दाखल्यावर ऊनच लिहिलं जावं. कोळसा कमी होईल तेव्हा ठेका कामगाराला पहिलं काम. हाच कागद घेऊन जलशातली माणसं तहसील कचेरीवर जातील, आणि उत्तर मिळेपर्यंत डफ वाजत राहील.

पुढचा उन्हाळा लागायच्या आत हे झालं पाहिजे. वह्या काढा.

जयभीम!