असिस्टचा कॉलम

वेन ग्रेट्झकी हे नाव आपल्यापैकी कितीजणांनी ऐकलंय? आइस हॉकीवाल्यांचा सचिनच म्हणा ना! एनएचएलमध्ये त्याचे गोल ८९४ आणि असिस्ट, म्हणजे दुसऱ्याच्या गोलसाठी दिलेले पास, १९६३. तिथे गोल आणि असिस्ट मिळून पॉइंट्स मोजतात. आता गंमत बघा. ग्रेट्झकीचा एकही गोल न धरता नुसते असिस्ट मोजले, तरी दुसऱ्या कुठल्याही खेळाडूचे एकूण पॉइंट्स तेवढे होत नाहीत.

आता आपल्याकडे वळू. धनराज पिल्ले. जन्म १९६८ चा, खडकीचा. म्हणजे आमच्या कर्जतहून घाट चढलं की पलीकडेच. ऑर्डनन्स फॅक्टरीच्या मैदानावर तुटक्या स्टिका आणि टाकून दिलेले बॉल घेऊन शिकलेला पोरगा. मुंबईत महिंद्राकडून खेळला आणि १९८९ ला भारताच्या टीममध्ये आला. २००४ पर्यंत ३३९ आंतरराष्ट्रीय सामने. ऑलिम्पिक, वर्ल्ड कप, चॅम्पियन्स ट्रॉफी, एशियन गेम्स, सगळं चार-चार वेळा. आणि गोल किती? त्याची खात्रीशीर अधिकृत नोंदच नाही! असिस्टचं तर नावच नको.

तो अथेन्सला शेवटचं ऑलिम्पिक खेळला तेव्हा मी पहिलीत होतो, त्यामुळे माझा धनराज सगळा जुन्या व्हिडिओतला. बॉल मिळाला की गडी सुसाट. लांब केस उडतायत, डिफेंडर समोर आला तरी वेग कमी नाही. एकाला चुकवतो, दुसरा येतो, तिसराही त्याच्याच अंगावर. मग साधा प्रश्न असा की, तीन जण याच्यामागे लागले तर मोकळं कोण राहिलं? ती मोकळी जागा धनराजने तयार केलेली असते. गोल मात्र तिथे उभा असलेल्याच्या नावावर.

अशा खेळाडूकडून बॉल जातोही. दहा वेळा नवीन काही करून बघणारा चार वेळा फसणारच. पण फसलेलं सगळ्यांना दिसतं आणि मोकळी केलेली जागा कोणी लिहून ठेवत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की जे मोजलं जात नाही ते करणारा माणूस काढून टाकणं फार सोपं असतं. १९९८ ला बँकॉकमध्ये धनराज कॅप्टन असताना भारताने तब्बल ३२ वर्षांनी एशियन गेम्सचं सुवर्ण जिंकलं. त्यानंतर तो आणि आणखी सहा सीनियर टीमबाहेर! अधिकृत कारण 'विश्रांती'. पैसे आणि सोयींबद्दल तोंड उघडल्याची ही शिक्षा, असंच बहुतेकांनी मानलं.

आयटीतल्या मंडळींना हे ओळखीचं वाटत असेल. अप्रेझलला किती तिकिटं क्लोज केली ते विचारतात. फ्रेशरशेजारी दोन तास बसून त्याचा बग शोधून देणारा, कोणाच्या तरी कोडमधली गाठ सोडवणारा, त्याच्या नावावर शून्य. कर्जतला गाडीला मागून बँकर इंजिनं लावतात, ती घाट चढवून देतात आणि लोणावळ्याला सुटतात. पुण्यात उतरणाऱ्याला पुढचंच इंजिन दिसतं.

कोणी म्हणेल, सगळंच कसं मोजणार? नका मोजू, पण विचारा तरी. खालापूरकडे भातकापणीनंतर शेतात टेनिस बॉलचे सामने होतात, तिथेसुद्धा बेस्ट फिल्डरला वेगळी ट्रॉफी असते. गावच्या मंडळाला जे कळतं ते आपल्या एचआरला का कळू नये?

असो. पुढच्या अप्रेझलचा फॉर्म भरताना एक ओळ जास्तीची लिहा: या वर्षी मला कोणी पास दिला. नावासकट लिहा. कॉलम नसेल तर मार्जिनमध्ये लिहा.