शाकाहाराचा अर्थ कोणाचा?

परदेशी नव्याने गेलेला मराठी शाकाहारी वेष्टनांवरची बारीक अक्षरे ज्या तन्मयतेने वाचतो, तितक्या तन्मयतेने आम्ही साहित्याचे अध्यापक कविताही वाचत नसू. वाचन सोपेही नाही. ‘व्हेजिटेरियन’ म्हणजे शाकाहारी, असे शब्दकोश सांगतो. ब्रिटनमधल्या केकवर तो शब्द असतो आणि आत अंडे असते. उलट अस्सल पार्मेजान चीज आपल्याला निव्वळ दुधाचे वाटते, पण ते वासराच्या जठरातल्या रेनेटने साकळवलेले म्हणून तिथला शाकाहारी वर्ज्य मानतो. ‘ई १२०’ हा लाल रंग तर किड्यांचा.

१८८८ साली लंडनला गेलेल्या गांधींपुढे हाच पेच होता. मांसाच्या तिथल्या एका व्याख्येत अंडी बसत नव्हती, म्हणून काही काळ त्यांनी ती खाल्ली. मग, प्रतिज्ञा आईपुढे केलेली, तेव्हा अर्थही आईचाच, असे ठरवून सोडली; पुढे शाकाहारी खाणावळीतही पदार्थांची चौकशी करणे आले. शब्द देणाऱ्याचा हेतू नव्हे, संहितेची सोय नव्हे. ज्याच्या विश्वासावर शब्द दिला, त्याचा अर्थ. अर्थनिर्णयाचा हा तास आम्हांला कोणत्याही पाठ्यपुस्तकाहून मोलाचा वाटतो. स्थलांतरितांच्या आमच्या ललित लेखनाने मात्र या साऱ्यातून बहुधा भाजणीची हळहळच तेवढी उचलली.