इस्लापूरचे सर्कल आणि घटनेतील ‘प्रयत्न’

बोथच्या बाजारपेठेत घटकाभर उभे राहून कान दिला, तर कापसाच्या भावाची एकच घासाघीस मराठीत सुरू होते, तेलुगूत रंगते, दखनीत तुटू पाहते आणि अखेर डोंगरातून उतरलेल्या एखाद्या गोंड शेतकऱ्याच्या होकाराने पुरी होते, असा अनुभव आजही येतो. या डोंगररांगांपलीकडे महाराष्ट्र लागतो आणि अलीकडे तेलंगण, ही गोष्ट कायद्यातील एका ओळीने ठरवली. ती ओळ वाचल्यावाचून या मुलखातील माणसाला आपल्या राज्यघटनेचे मर्म कळायचे नाही, असे माझे दीर्घकाळचे मत आहे.

ती ओळ १९५६ च्या राज्य पुनर्रचना अधिनियमात आहे. आठव्या कलमात नव्या मुंबई राज्यात जाणाऱ्या प्रदेशांची मोजदाद करताना आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे दोन तालुके आणि त्यांच्याबरोबर बोथ तालुक्यातील इस्लापूर सर्कल यांचा उल्लेख येतो. आणि त्याच कलमात नांदेड जिल्ह्याच्या मुधोळ तालुक्यातील मुधोळ, भैंसा व कुबीर ही सर्कले वगळलेली आहेत, जी पुढे आदिलाबादेत आली. निजामी महसुली कारभारात तालुका हा मोठा भक्कम घटक मानला जाई. परंतु १ नोव्हेंबर १९५६ रोजी ज्यांच्या पहाणीपत्रकांची दफ्तरे एका कचेरीत नांदत होती, ती गावे दोन राज्यांची झाली, आणि चुलत्याचा तहसीलदार वेगळा व पुतण्याचा वेगळा, अशी स्थिती उत्पन्न झाली.

एवढा अधिकार संसदेला कोठून मिळाला, याचे उत्तर घटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदात आहे, आणि तो अनुच्छेद हीच घटनाकारांची सर्वांत मोठी तडजोड होय. भाषावार प्रांतरचनेचे वचन काँग्रेसने स्वातंत्र्यापूर्वीच दिलेले होते. पण फाळणीचा रक्तपात डोळ्यांसमोर असताना १९४८ च्या दार आयोगाने आणि पाठोपाठ जवाहरलाल, वल्लभभाई व पट्टाभी यांच्या समितीने, तूर्त हा प्रश्न हाती घेऊ नये, असाच सल्ला दिला. तेव्हा घटनाकारांनी भाषावार राज्ये घटनेत लिहिली नाहीत, तशीच ती कायमची नाकारलीही नाहीत; राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार त्यांनी संसदेच्या साध्या बहुमताकडे सोपवला आणि संबंधित विधिमंडळाचे मत मागवावे, त्याची संमती मात्र अनिवार्य नसावी, असे ठरवले. संघराज्य अभंग राहावे म्हणून त्याच्या अंतर्गत रेषा त्यांनी लवचीक ठेवल्या. १ मे १९६० चा महाराष्ट्र आणि २ जून २०१४ चे तेलंगण ही दोन्ही त्याच लवचीकपणाची फळे आहेत, हे आपण कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे.

परंतु तडजोडीच्या बैठकीत कोण बसले होते आणि कोण नव्हते, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. हैदराबाद संस्थानाच्या वाट्याला घटना समितीतील १६ जागा होत्या; त्या रिकाम्याच राहिल्या, कारण निजाम मीर उस्मान अली खान यांनी १९४७ च्या जूनमध्येच, भारत व पाकिस्तान यांपैकी कोणाच्याही घटना समितीत आपले प्रतिनिधी जाणार नाहीत, असे फर्मान काढले होते. पुढे सप्टेंबर १९४८ ची पोलीस कारवाई झाली, आणि २३ नोव्हेंबर १९४९ रोजी त्याच निजामांनी, भारताची घटना हीच हैदराबादची घटना, असे दुसरे फर्मान काढले. घटना समितीने घटना स्वीकृत केली ती त्यानंतर तीन दिवसांनी. अशा रीतीने बोथच्या रयतेला आपले मूलभूत हक्क स्वतःच्या प्रतिनिधीच्या मुखाने मागता आले नाहीत. ते तिला फर्मानावाटे प्राप्त झाले.

निजाम राजप्रमुख झाले, आणि संस्थानिकांच्या तनख्यांची तरतूद २९१ व्या अनुच्छेदात झाली. तिची शब्दरचना लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे: तनख्याची रक्कम भारताच्या एकत्रित निधीतून दिली जाईल आणि तिच्यावर प्राप्तीवरील कोणताही कर बसणार नाही. विलीनीकरण रक्तपाताविना पार पाडण्यासाठी ही किंमत मोजावी लागली, आणि ती मोजणाऱ्यांना मी दोष देणार नाही. आता तिच्याशेजारी १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेला ३५०-क हा अनुच्छेद ठेवून पाहावा. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या पुरेशा सोयी असाव्यात, यासाठी प्रत्येक राज्याने प्रयत्न करावा, असे तो सांगतो. राजाला ‘दिले जाईल’, आणि लेकराला ‘प्रयत्न करावा’! सामर्थ्यवानाशी झालेला करार निश्चयार्थी क्रियापदात लिहिला गेला आणि दुर्बळाशी झालेला करार सदिच्छेच्या क्रियापदात, ही आपल्या घटनेतील माझ्या मनाला सर्वाधिक टोचणारी विषमता आहे.

घटनेबाहेरच्या करारांची गत तर याहून हलकी झाली. इस्लापूर ज्या मराठवाड्यात गेले, त्याला १९५३ च्या नागपूर कराराने न्याय्य वाट्याचे आश्वासन दिले होते. बोथ ज्या तेलंगणात राहिले, त्याला फेब्रुवारी १९५६ च्या सभ्य गृहस्थांच्या कराराने जवळजवळ तेच दिले. एका तालुक्याच्या दोन तुकड्यांच्या पदरी दोन आश्वासने पडली, आणि दोन्हीकडे अनुशेषाची तक्रार पिढ्यान्‌पिढ्या चालत राहिली. समाजांच्या हक्कांचेही असेच झाले. अनुसूचित जमातींच्या याद्या राज्यवार असल्यामुळे या बाजूच्या तांड्यावरील बंजारा १९७६ च्या कायद्याने अनुसूचित जमातीत आला, तर पलीकडच्या तांड्यावरील त्याचा सोयरा महाराष्ट्रात विमुक्त जातींत गणला जातो. आणि बंजाऱ्यांच्या या समावेशाने आपला वाटा आटला, अशी येथील गोंडांच्या मनात जी खंत आहे, तीही पोकळ म्हणता येणार नाही.

बोथ महाराष्ट्रात यावे, असे मी म्हणत नाही. रेषा पुन्हा हलवली, तर दुःख केवळ एका घरातून उचलून दुसऱ्या घरात ठेवले जाईल. माझी मागणी त्या एका क्रियापदापुरती आहे. मराठी घरातून आलेले मूल पहिलीच्या वर्गात महिनोन्‌महिने मुके बसलेले मी पाहिले आहे, आणि ते मौन ज्याने पाहिले, त्याला ‘प्रयत्न करावा’ या शब्दांवर समाधान मानता येणार नाही. तसेच, जो हक्क आपण येथे मराठीसाठी मागतो, तोच पलीकडे तेलुगू बोलणाऱ्या लेकरासाठी आणि दोन्हीकडे गोंडी व कोलामी बोलणाऱ्या लेकरासाठी मागितला पाहिजे. कारण मराठी व तेलुगूला स्वतःची राज्ये तरी मिळाली, गोंडीला अद्याप आठव्या अनुसूचीत जागादेखील मिळालेली नाही.

संस्थानिकांचे तनखे १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संपुष्टात आले. ‘दिले जाईल’ हे शब्द गेले, ‘प्रयत्न करावा’ हे शब्द अद्याप घटनेत आहेत, आणि त्यांना कर्तव्याचे रूप देणे संसदेच्या हाती आहे. तोवर निदान एवढे तरी करावे: येत्या जूनमध्ये शाळा उघडतील तेव्हा प्रत्येक पालकाने आपल्या मुलाच्या भाषेच्या शिक्षकासाठी लेखी अर्ज द्यावा, आणि त्या अर्जावर शेजाऱ्याच्या भाषेचीही मागणी नोंदवावी.