न घेतलेल्या कर्जास माफी नव्हे, इन्कार हवा

घेतलेले कर्ज फेडावे, ही महाराष्ट्रातील शेतकऱ्याची जुनी शिकवण आहे व ती योग्यच आहे. परंतु जे कर्ज घेतलेच नाही त्याचे काय करावे, याविषयी खेड्यापाड्यांत अद्याप पुरेशी स्पष्टता दिसून येत नाही. आधारपत्र, सातबाराचा उतारा, छायाचित्र आणि सही किंवा अंगठा एवढी सामग्री अप्रामाणिक इसमाच्या हाती लागली, तर खातेदारास सुगावाही न लागता त्याच्या नावे कर्ज उचलले जाऊ शकते. २०१७ साली परभणी जिल्ह्यात अशाच स्वरूपाचा गुन्हा नोंदविण्यात आला. एका साखर कारखान्याने ऊसतोडणी व वाहतुकीच्या योजनेखाली शेतकऱ्यांच्या नावे परस्पर कर्जे उचलली, असा त्यात आरोप होता. बँकेची नोटीस हाती पडल्यावरच अनेकांस ही गोष्ट कळली.

अशी नोटीस आली म्हणजे शेतकरी बहुधा दोहोंपैकी एक मार्ग धरतो. आपण पैसे घेतलेच नाहीत, मग भ्यावयाचे कशास, असे म्हणून तो कागद आढ्याला खोचून ठेवतो. किंवा पुढेमागे कर्जमाफी होईल तेव्हा हेही निघून जाईल, या आशेवर स्वस्थ बसतो. हे दोन्ही मार्ग घातक होत.

पहिल्या मार्गातील धोका कायद्यातच आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली सहकारी संस्थेस थकबाकीच्या वसुलीचा दाखला मिळू शकतो. सुनावणीस हजर न राहिल्यास तो एकतर्फी निघण्याचा संभव असतो. आणि त्याविरुद्ध कलम १५४ खाली पुनरीक्षण अर्ज करावयाचा, तर वसुलीयोग्य रकमेपैकी निम्मी रक्कम आधी भरावी लागते. जो आक्षेप आरंभी एका साध्या अर्जाने नोंदविता आला असता, त्यासाठी मग घरातील दागिने मोडण्याची पाळी येते.

दुसरा मार्ग वरवर सुखाचा, पण अधिक हानिकारक आहे. २०१९ च्या महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत यादीतील रक्कम पाहून शेतकऱ्याने आधार प्रमाणीकरण करावयाचे होते. रक्कम मान्य नसल्यास जिल्हास्तरीय समितीकडे तक्रार नेण्याची सोय होती. अशा वेळी खोट्या कर्जापुढे अंगठा उठविणे म्हणजे ते कर्ज आपलेच होते, अशी कबुली देणे होय. त्यायोगे जनतेचा पैसा भामट्याची चोरी झाकण्यात खर्च होतो, चोर मोकळा राहतो आणि निरपराध शेतकऱ्याच्या नावावर थकबाकीदार असा शिक्का मात्र कायम होतो. यास्तव खोट्या कर्जाची माफी मागू नये. त्याचा इन्कार करावा.

पुणे जिल्ह्यातील सुपे येथे १८७५ साली शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे व वह्या जाळल्या. त्यानंतर १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने न्यायालयास रोख्याच्या पलीकडे जाऊन व्यवहाराचा मूळ इतिहास तपासण्याचा अधिकार दिला. धनकोचा कागद हा अखेरचा शब्द नव्हे, हे तत्त्व त्यात होते. आजच्या शेतकऱ्यानेही तेच तत्त्व धरून कागद तपासावयास मागावा.

प्रथम बँकेस किंवा संस्थेस लेखी इन्कार द्यावा व पोच घ्यावी. कर्जाचा अर्ज, करारपत्र, सहीचा नमुना आणि रक्कम कोणत्या खात्यात जमा झाली त्याचा उतारा, यांच्या प्रती मागाव्यात. तडजोड म्हणून एखादा हप्ताही भरू नये. पोलिसांत फिर्याद द्यावी. तिची प्रत विनामूल्य मिळते. सातबाराच्या इतर हक्कांच्या रकान्यात बोजा चढला असल्यास महसूल कार्यालयातही हरकत नोंदवावी. पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. त्यातील चुकीच्या नोंदीविषयी केलेल्या तक्रारीचा निकाल ३० दिवसांत न लागल्यास, रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२४ पासून लागू असलेल्या नियमाप्रमाणे दररोज १०० रुपये भरपाई द्यावी लागते.

कोणी म्हणेल, अडाणी व गरीब शेतकऱ्याने एवढी धावपळ कोठे करावी? आक्षेप रास्त आहे. ज्याने पैसे पाहिलेही नाहीत त्यानेच आपले निरपराधित्व सिद्ध करीत फिरावे, हा न्याय नव्हे. कर्ज दिले असे जो म्हणतो त्याने ते कोणास दिले हे दाखवावे, हीच रीत असावयास हवी. परंतु ही मागणी इन्कार नोंदविणाऱ्यालाच करता येते, गप्प बसणाऱ्यास नाही. कित्येकदा कागद वापरणारा गावातलाच, ओळखीचा माणूस असतो आणि भिडेपोटी तोंड उघडले जात नाही. येथेच गावपातळीवरील सेवकाचे खरे काम आहे. अर्ज लिहून देणे, पोच मागावयास सोबत जाणे, सुनावणीची तारीख लक्षात ठेवणे, ही कामे बियाणे व खताच्या सल्ल्याइतकीच शेतीच्या उपयोगाची आहेत; कारण बोजा चढलेल्या सातबारावर नवे पीककर्ज मिळणे कठीण होते.

खरिपाच्या तयारीस लागण्यापूर्वी प्रत्येक खातेदाराने आपला सातबारा व पतअहवाल एकदा वाचून किंवा वाचून घेऊन तपासावा, आणि अनोळखी कर्ज दिसताच त्याच आठवड्यात लेखी इन्कार द्यावा.